बारा माइक आणि एक पिशवी: घुमट पथकाच्या मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रणासाठी ऑडिओ इंटरफेस निवडतानाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या गोव्यातल्या घुमट पथकाची आरती मोबाइलवर मुद्रित केली होती. आजच्या बैठकीत ती सर्वांनी मिळून पुन्हा ऐकली. कांसाळ्यांच्या (मोठ्या झांजांच्या) खणखणाटाखाली बुवांचा आवाज पार बुडालेला आहे, पेटी कुठेतरी लांब शेजारच्या घरात वाजत असल्यासारखी वाटते आणि घुमटाचा, म्हणजे आमच्या मातीच्या तालवाद्याचा, खर्ज तर आलाच नाही, नुसती टपटप ऐकू येते. सगळा आवाज एकाच फायलीत मिसळलेला असल्यामुळे आता त्यातून काही वेगळे काढणे शक्य नाही. यंदा प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर घ्यायचे आणि नंतर सावकाश बसून मिश्रण करायचे, असे ठरले.

माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारे यंत्र, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अटी तीन आहेत. एकूण खर्च ४५,००० रुपयांच्या वर जाऊ नये, सगळे सामान एका माणसाला उचलता यावे (माझ्याकडे चारचाकी नाही, फोंड्याहून गावात यायचे ते कदंब बसनेच), आणि चवथीच्या आधी, म्हणजे २७ ऑगस्टपूर्वी, निदान एक पूर्ण मुद्रण हाती यावे. बुवांनी चौथी अट घातली ती अशी, की कोणालाही कानाला हेडफोन लावून वेगळ्या खोलीत बसवायचे नाही. पथक जसे गोलात बसून गाते तसेच गाईल. ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे पुढचे बरेच पर्याय आपोआप गळतील.

११ जून २०२५, बुधवार

यंत्रे पाहण्याआधी आपल्याला किती माइक लागतात ते मोजावे म्हणून आज वही घेऊन तालमीला बसलो. पथकात आम्ही अकरा जण आहोत: दोन घुमटवादक, एक शामेळवाला (शामेळ म्हणजे काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य), एक कांसाळेवाला, पेटीवाला, बुवा, मागे धरणारे तिघे आणि गेल्या दोन वर्षांत सामील झालेले दोन तरुण, ज्यांच्यातील एक बेस गिटार वाजवतो आणि दुसरा साधी गिटार. वरवर पाहता आठ माइक पुरावेत असे वाटते आणि मीही तेच धरून चाललो होतो.

हिशेब फिरला तो घुमटापाशी. घुमट म्हणजे मातीचे भांडे. त्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते आणि लहान तोंड उघडे असते. वादक उजव्या हाताने कातड्यावर वाजवतो आणि डाव्या हाताचा पंजा उघड्या तोंडावर ठेवून ते कमी-जास्त झाकतो. हा डावा हातच खर्जाला वळण देतो. मी आज आमच्या ज्येष्ठ घुमटवादक काकांच्या समोर कान नेऊन ऐकले आणि मग पाठीमागे जाऊन उघड्या तोंडापाशी ऐकले, तेव्हा एकाच वाद्यातून दोन निरनिराळे आवाज निघत असल्याचे स्पष्ट कळले. पुढे थाप आणि बोल ऐकू येतात, मागे घुमारा. पुढे एकच माइक लावला की बोल मिळतात पण घुमारा जातो, आणि गेल्या वर्षी नेमके हेच झाले होते. काका म्हणाले, "बाबा, अर्धे घुमट मुद्रित करून काय उपयोग? पूर्वीचे घोरपडीचे कातडे गेले, आता बकरीच्या कातड्यावर जो काही घुमारा उरला आहे तो तरी नीट येऊ दे." घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि आमच्याकडची सगळी घुमटे आता बकरीच्या कातड्याचीच आहेत. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, त्यानंतर शिकायला येणारी मुले वाढली आहेत, हेही येथे नोंदवून ठेवतो.

म्हणजे दोन घुमटांना चार माइक लागणार. शामेळाला एक, कांसाळ्यांना एक, पेटीला एक, बुवांना एक, मागे धरणाऱ्या तिघांसाठी समोरून दोन, बेस गिटार डीआय बॉक्समधून (गिटारचा आवाज तारेनेच माइकच्या इनपुटला देणाऱ्या डबीतून) एक आणि साध्या गिटारला एक. एकूण बारा. पेटीला खरे तर दोन हवेत, एक सुरांच्या बाजूला आणि एक भात्याच्या, परंतु तेवढ्याचा मोह आवरला.

१५ जून २०२५, रविवार

दोन दिवस निरनिराळ्या कंपन्यांची माहितीपत्रके वाचण्यात गेले. खोक्यावरच्या आकड्यांत नवख्या माणसाची कशी फसगत होते, ते येथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण पथकातील तरुण मंडळींनी मला पाठवलेल्या पाच पर्यायांपैकी तीन याच चुकीवर आधारलेले होते.

यंत्राच्या नावात '१८' असले म्हणजे त्याला अठरा माइक जोडता येतात असे नव्हे. फोकसराइट स्कार्लेट १८आय२० आणि बेहरिंगर यूएमसी१८२० या दोन्हींत १८ इनपुट आहेत. त्यांपैकी माइक थेट जोडता येतील असे प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग) आठच आहेत, आणखी आठ इनपुट एडॅट या ऑप्टिकल जोडणीतून येतात आणि उरलेले दोन एसपीडिफ या दुसऱ्या डिजिटल जोडणीचे. मोटू अल्ट्रालाइट एमके५ चेही १८ इनपुट आहेत, पण त्यात माइकचे प्रीअँप दोनच. आरएमई बेबीफेस प्रो एफएस लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालते, हाताच्या पंजाएवढे आहे, १२ इनपुट देते आणि त्यातही माइक प्रीअँप दोनच आहेत. ही यंत्रे वाईट आहेत असे मुळीच नाही. ज्याच्याकडे वेगळे प्रीअँप आधीपासून आहेत, किंवा जो घरी एकटा बसून एकेक वाद्य मुद्रित करतो, त्याच्यासाठी ती उत्तम आहेत. आमचे अकरा जण एकाच वेळी वाजवणार आहेत, म्हणून 'माइक प्रीअँप किती' एवढाच आकडा आम्ही आधी पाहायचा.

बारा किंवा अधिक माइक घेणारे जे मार्ग दिसतात ते तीन. पहिला म्हणजे आठ प्रीअँपचा इंटरफेस आणि त्याला एडॅटने जोडलेला आठ प्रीअँपचा दुसरा डबा, उदाहरणार्थ बेहरिंगर एडीए८२००. दुसरा म्हणजे बेहरिंगर एक्सआर१८ सारखा डिजिटल मिक्सर, ज्यात १६ माइक प्रीअँप आहेत आणि जो यूएसबीवरून १८ चॅनल लॅपटॉपला देतो. तिसरा म्हणजे झूम एल-२० सारखे यंत्र, जे मिक्सरही आहे, इंटरफेसही आहे आणि लॅपटॉपशिवाय एसडी कार्डावर २२ ट्रॅक मुद्रित करू शकते. हे तिसरे मला मनापासून आवडले. आजच्या बाजारभावात मात्र ते आमच्या ४५,००० च्या हिशेबात बसत नाही, त्यामुळे त्याचा विषय येथेच संपवतो.

२२ जून २०२५, रविवार

आज दिवसभर पाऊस पडला आणि वीज चार वेळा गेली. त्यामुळे विजेचा प्रश्न पुढे ढकलता आला नाही.

तरुणांचा आग्रह असा की लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारेच यंत्र घ्यावे, म्हणजे अडॅप्टरची कटकट नको. त्यांना समजावून सांगण्यासाठी केलेला हिशेब असा: यूएसबी २.० चे पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॅट वीज देते. यूएसबी ३.० चे पोर्ट ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॅट देते. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम वीज लागते आणि मानकाप्रमाणे प्रत्येक माइक त्यातून जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर ओढू शकतो. आठ चॅनलना पूर्ण क्षमतेने फँटम द्यायची म्हटली तर एवढ्यासाठीच ३.८४ वॅट लागतील, आणि ५ व्होल्टचे ४८ व्होल्ट करताना होणारा तोटा त्यात धरलेलाच नाही. प्रीअँप आणि रूपांतरक (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारे भाग) चालवायला मग काय उरले? म्हणून आठ माइकच्या यंत्रांना बहुधा स्वतंत्र वीजपुरवठा असतो.

वीजपुरवठा म्हटला की प्रश्न येतो तो मंदिराच्या सभामंडपाचा, किंवा ज्या जुन्या घराच्या राजांगणात (मधल्या उघड्या चौकात) आम्ही मुद्रण करणार आहोत तिथला. इन्व्हर्टर तिथे आहे, पण तो पंखे आणि दिव्यांसाठी आहे, आणि त्यावर लावलेला स्पीकर गुरगुरतो हे सगळ्यांनी ऐकले आहे. म्हणून आणखी एक अट माझ्या यादीत वाढली: यंत्राला भिंतीतली २३० व्होल्टची वायर थेट लागू नये, ते बाहेरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालावे. १२ व्होल्ट असले की यूपीएसमधली ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी उपयोगी पडते, आणि तशा दोन बॅटऱ्या माझ्या घरी आहेत. डिजिटल मिक्सर आणि एडॅटचा डबा या अटीवर मागे पडतात, कारण दोन्हींची वायर थेट भिंतीत जाते.

२४ जून २०२५, मंगळवार

सांजाव, म्हणजे गोव्यातला सेंट जॉनचा सण. तालीम झाली नाही. दोघे विहिरीत उड्या मारायला गेले होते आणि उरलेले त्यांना पाहायला.

२९ जून २०२५, रविवार

म्हापशाच्या एका ओळखीच्या ध्वनिसंयोजकाने त्याचा आठ प्रीअँपचा इंटरफेस आणि एडॅटचा जोडडबा दोन दिवसांसाठी दिला. एडॅट आम्ही घेणार नसलो तरी प्रत्यक्ष अनुभव असावा म्हणून तो जोडून पाहिला.

पहिल्या अर्ध्या तासात जे मुद्रित झाले त्यात नवव्या ते सोळाव्या चॅनलवर दर काही सेकंदांनी 'टिक' असा आवाज येत होता. मला आधी केबल खराब वाटली, मग मुद्रणाच्या सॉफ्टवेअरचे बफर (आवाज तात्पुरता साठवण्याची जागा) वाढवून पाहिले, मग लॅपटॉपचे वायफाय बंद केले. चूक माझीच होती. दोन्ही डबे आपापल्या अंतर्गत घड्याळावर ठेवलेले होते. डिजिटल आवाजात सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात, आणि दोन यंत्रांची घड्याळे किंचितही पुढे-मागे झाली की मध्येच एखादा नमुना गळतो किंवा दोनदा येतो, त्याचीच ती टिकटिक. एकाला मालक करून दुसऱ्याने त्याच्या घड्याळावर चालायचे असते. मी इंटरफेसला मालक केले, त्याच्या एडॅट आउटमधून दुसरी ऑप्टिकल केबल जोडडब्याच्या इनमध्ये घातली, डब्याच्या मागचा स्विच बाहेरच्या घड्याळावर लावला, आणि टिकटिक थांबली. मालक इंटरफेसलाच करावे, हेही यातून कळले. उलटे केले आणि मध्येच जोडडब्याची वीज गेली, तर घड्याळच नाहीसे होऊन सगळेच चॅनल बिघडतील.

एडॅटबद्दल आणखी एक गोष्ट नोंदवतो. एका ऑप्टिकल केबलमधून आठ चॅनल जातात ते ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झलाच. ९६ किलोहर्ट्झवर गेले की त्याच केबलमधून चारच जातात.

६ जुलै २०२५, रविवार

आषाढी एकादशी. बुवा आणि मागे धरणारे तिघेही भजनाला गेले होते. घरी बसून साठवणुकीचा हिशेब केला. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला एका ट्रॅकला सेकंदाला १,४४,००० बाइट लागतात, म्हणजे तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट. बारा ट्रॅकचे तासाला ६.२ गिगाबाइट होतात, तीन तासांचे १९ च्या आत. लॅपटॉपमधल्या जुन्या एसएसडीलाही हे जड नाही. यूएसबीवरचा भार सेकंदाला १४ मेगाबिटच्या आत राहतो आणि यूएसबी २.० ची मर्यादा ४८० मेगाबिट आहे, तेव्हा 'यूएसबी ३ च हवे' हा आग्रह निराधार आहे. ९६ किलोहर्ट्झ घेतल्यास सगळे दुप्पट होईल, आणि घुमटाच्या खर्जाला त्याचा काडीमात्र फायदा नाही.

लेटन्सीवर, म्हणजे यंत्रातून आवाज परत यायला लागणाऱ्या उशिरावर, तरुणांनी मला बराच मजकूर पाठवला होता. १२८ नमुन्यांच्या बफरला ४८ किलोहर्ट्झवर २.७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे आवाज हवेतून जेमतेम एक मीटर जायला जेवढा वेळ घेतो तेवढाच. शिवाय आमच्याकडे कोणी हेडफोनमधून ऐकत वाजवणारच नाही. विषय संपला.

१२ जुलै २०२५, शनिवार

आज सगळे चित्र बदलले, आणि त्याला कारण ठरला पथकाच्या कपाटातला जुना अॅनालॉग मिक्सर. सभामंडपातल्या कार्यक्रमांसाठी काही वर्षांपूर्वी घेतलेला हा मिक्सर अजून ठणठणीत आहे. त्याला चार माइक चॅनल आहेत आणि प्रत्येक चॅनलला मागे 'इन्सर्ट' नावाचे छिद्र आहे.

बाहेरचे कॉम्प्रेसरसारखे यंत्र मध्ये जोडता यावे म्हणून हे इन्सर्ट दिलेले असते. तीन संपर्कांच्या एकाच जॅकमधून आवाज टोकावरून बाहेर जातो आणि मधल्या कड्यावरून परत येतो. हा आवाज प्रीअँपच्या नंतरचा, पण फेडरच्या (आवाज कमी-जास्त करण्याच्या सरकपट्टीच्या) आधीचा असतो, म्हणजे कोणी सभामंडपासाठी फेडर वर-खाली केला तरी मुद्रणावर परिणाम होत नाही. साधा दोन संपर्कांचा जॅक अर्धाच, पहिल्या 'टक्' आवाजापर्यंत, आत सरकवून हा आवाज काढून घेण्याची युक्ती सगळे ध्वनिसंयोजक जाणतात. परंतु अर्धा घातलेला जॅक कोणाचा पाय लागला की निसटतो. म्हणून मी चार केबल घरी बनवायचे ठरवले. मिक्सरच्या बाजूला तीन संपर्कांचा जॅक घेऊन त्यात टोक आणि कडे एकमेकांना डाख लावून जोडायचे आणि तीच एक तार दुसऱ्या बाजूच्या टोकाला न्यायची. असा जॅक पूर्ण आत बसतो, मिक्सरमधला आवाजही चालू राहतो आणि इंटरफेसलाही मिळतो.

हे जमले तर इंटरफेसकडून आठ माइक आणि चार लाइन इनपुट एवढेच हवे. मग टॅस्कॅम यूएस-१६x०८ समोर येते. त्यात आठ माइक प्रीअँप आणि आठ लाइन इनपुट आहेत, यूएसबी २.० आहे आणि वीजपुरवठा १२ व्होल्टच्या बाहेरच्या अडॅप्टरचा. एडॅट नाही, म्हणजे पुढे सोळाहून अधिक माइक करायचे तर हा रस्ता बंद होतो. त्यावर थोडा वेळ विचार केला. पथक अकराचे बावीस होणार नाही आणि झाले तर पैसेही तेव्हा बघू, असे म्हणून तो विचार सोडला.

१९ जुलै २०२५, शनिवार

मडगावात एका वादकाकडे हे यंत्र वापरलेले मिळत होते. त्याचे घर फातोर्ड्याच्या बाजूला आहे. जुने यंत्र तपासताना 'चालते का' एवढे पाहून भागत नाही, म्हणून घरून तयारी करून गेलो होतो. एका एक्सएलआर जॅकच्या (माइकच्या तीन पिनांच्या जॅकच्या) दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर डाख लावून बसवला होता. माइकऐवजी हा जॅक एकेका चॅनलमध्ये घालायचा, गेन (प्रीअँपची आवाज वाढवण्याची पातळी) पूर्ण चढवायचा आणि दहा सेकंद मुद्रित करायचे. यंत्राला समोर शांत माइक आहे असे वाटते, आणि जे मुद्रित होते तो केवळ त्या प्रीअँपचा स्वतःचा खरखराट असतो. आठही चॅनलची सरासरी पातळी एकमेकांच्या एका डेसिबलच्या आत आली. त्यानंतर एकच माइक आठही ठिकाणी लावून गेनची बटणे सावकाश फिरवली, कारण पावसाळी हवेत पडून राहिलेल्या बटणांत पहिली करकर तिथेच येते. करकर नव्हती. फँटमचे ४८ व्होल्ट मल्टिमीटरने पहिल्या आणि दुसऱ्या पिनेमध्ये मोजले.

सौदा ठरला. यंत्र पाठीच्या पिशवीत बसले आणि मडगाव ते फोंडा बसमध्ये मांडीवर ठेवून आणले. उरलेल्या पैशांत डीआय बॉक्स, जॅक आणि वीस मीटर माइक केबल घेतली.

२७ जुलै २०२५, रविवार

राजांगणात पहिली चाचणी घेतली. घर चिऱ्याचे असून वर मंगळुरी कौले आहेत आणि मधला चौक उघडा आहे. पाऊस थांबलेला असला तरी कौलांवरून तासभर थेंब गळत राहतात, हे मुद्रणात ऐकल्यावरच लक्षात आले.

सर्वांत मोठी अडचण होती ती ५० हर्ट्झच्या गुरगुरीची. बेस गिटारचा अँप्लिफायर ओसरीवरच्या सॉकेटमध्ये होता आणि मिक्सर आतल्या खोलीतल्या सॉकेटमध्ये. दोघांचे अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी जमिनीत जात होते आणि ते डीआय बॉक्सच्या केबलच्या जाळीतून एकमेकांना मिळत होते, म्हणजे एक वर्तुळच तयार झाले होते. एका तरुणाने अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकायचे सुचवले. त्याला स्पष्ट नकार दिला. ओल्या फरशीवर अनवाणी बसलेल्या माणसाच्या हातात धातूच्या तारांचे वाद्य असताना अर्थिंग तोडायचे नसते. डीआय बॉक्सवरचा 'ग्राउंड लिफ्ट' स्विच त्यासाठीच असतो. तो केबलची जाळी तोडतो, विजेचे अर्थिंग तोडत नाही. तो दाबल्यावर गुरगुर गेली. लॅपटॉप चार्जरला जोडला की वेगळीच बारीक सिटी ऐकू येत होती, म्हणून लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवरच चालवायचे ठरले.

इंटरफेसही १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहिला. जॅकचे मधले टोक धन की ऋण ते अडॅप्टरवरच्या चिन्हावरून खात्री करून घेतले आणि बॅटरीच्या तारेत फ्यूज घातला. दोन तास फँटमसह चालल्यावर बॅटरी १२.२ व्होल्टवर होती. चार्जर मात्र तिला त्या वेळी जोडायचा नाही, कारण चार्ज होताना तिचा दाब १३.८ च्या आसपास जातो. अडॅप्टरवरून बॅटरीवर मध्येच उडी मारता येत नाही, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते. सुरुवातच बॅटरीवर करावी.

३ ऑगस्ट २०२५, रविवार

वास्कोचा भजनी सप्ताह नुकताच झाल्यामुळे बुवांचा घसा बसलेला होता. केवळ तालवाद्यांवर काम केले.

घुमटाचे दोन ट्रॅक वेगवेगळे ऐकले तर सुरेख वाटत होते, आणि एकत्र केले की खर्ज नाहीसा होत होता. मला कारण उमगायला वेळ लागला नाही, पण ते डोळ्यांनी पाहिल्यावर मजा आली. लॅपटॉपवर दोन्ही लहरी मोठ्या करून एकाखाली एक लावल्या, तर थापेच्या क्षणी पुढच्या माइकची रेघ खाली जात होती आणि मागच्या माइकची वर. थाप पडली की कातडे आत जाते, म्हणजे पुढच्या माइकसमोर हवा विरळ होते, आणि त्याच वेळी भांड्यातली हवा मागच्या तोंडातून बाहेर ढकलली जाते. दोन्ही लहरी परस्परविरुद्ध असल्यामुळे मिसळल्यावर एकमेकींना खातात. मागच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटी केल्याबरोबर घुमटाचा आवाज छातीत जाणवू लागला. काकांना हेडफोन लावून आधीचे आणि नंतरचे ऐकवले. त्यांनी काही न बोलता हेडफोन काढून दुसऱ्या घुमटवाल्याच्या डोक्यावर ठेवला.

माइक उघड्या तोंडाच्या अगदी समोर ठेवला तर डाव्या हाताची हवा फुंकर मारल्यासारखी आदळते, म्हणून तो वितभर अंतरावर आणि किंचित तिरका ठेवला. गेन अशा बेताने ठेवला की सर्वांत जोराची थाप शून्याच्या (ज्याच्यावर आवाज फाटतो त्या पातळीच्या) दहा डेसिबल खाली राहील. २४ बिटमध्ये एवढी जागा सोडायला कसलीही हरकत नाही, आणि आरती रंगात आली की काकांचा हात तालमीपेक्षा जड पडतो हे मला ठाऊक आहे.

चॅनलवाटप असे ठरले: इंटरफेसच्या १ ते ४ वर घुमटांचे चार साधे डायनॅमिक माइक, फँटम बंद. ५ वर बुवा, ६ वर पेटी, ७ आणि ८ वर मागे धरणारे, आणि या चारांना फँटम चालू. बुवांचा माइक डायनॅमिक आहे, पण केबल नीट असेल तर फँटमने त्याला काही होत नाही. मिक्सरमार्गे ९ वर शामेळ, १० वर कांसाळे, ११ वर बेस आणि १२ वर गिटार. मिक्सर भिंतीतल्या विजेवर चालतो, म्हणून ज्यांच्यावाचून आरती ऐकता येईल अशीच वाद्ये त्याच्यावर टाकली. शामेळवाल्याला हे वाटप वाचून दाखवले नाही.

१० ऑगस्ट २०२५, रविवार

मुद्रणाचा दिवस. सकाळी सात वाजता सामान मांडायला घेतले. कंडेन्सर माइक रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद ठेवले होते, कारण दमट हवेत ते फुटाणे फुटल्यासारखे तडतडतात. घुमटांची कातडीही सैल पडली होती. ती चुलीच्या उबेला धरून ताणून घेतली. संध्याकाळी शेतातले बेडूक सुरू होतात, त्यामुळे दुपारपर्यंत आटोपायचे होते.

पाच आरत्या आणि एक सुंवारी (घुमट-शामेळाच्या सामूहिक वादनाचा प्रकार) एवढे झाले. चौथ्या आरतीच्या मध्यावर वीज गेली. मिक्सरचे दिवे विझले, बेसचा अँप्लिफायर गप्प झाला, आणि बेसवाल्या पोराने माझ्याकडे पाहून हात उचलले. मी त्याला हातानेच 'थांब' केले. बुवांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांना काहीच कळले नाही. शामेळ, कांसाळी आणि घुमटांना वीज लागत नाही, त्यामुळे आरती पुढे चालू राहिली. लॅपटॉपच्या पडद्यावर शेवटच्या चार पट्ट्या सपाट झाल्या होत्या, वरच्या आठ हलत होत्या. वीज वीस मिनिटांनी आली.

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

रात्री सगळे ट्रॅक ऐकून तपासले. मिक्सरमार्गाच्या चारही ट्रॅकवर वीज जातानाचा एक 'धप्' आहे, तो कापून टाकता येईल. चौथ्या आरतीच्या उत्तरार्धात शामेळ आणि कांसाळी यांचे स्वतःचे ट्रॅक नाहीत. ती दोन्ही वाद्ये इतकी जोराची आहेत की मागे धरणाऱ्यांच्या दोन माइकमध्ये पुरेशी आली आहेत, आणि त्या अंतरावरून कांसाळी अधिक मऊ वाटतात. बेस मात्र तिथून पुढे नाहीच. तो भाग बेसवाल्याने नंतर एकट्याने वाजवून भरायचा की तसाच ठेवायचा, यावर बुवा आणि तरुण यांच्यात मतभेद आहेत. पाचव्या चॅनलवर बुवांच्या मागे दोनदा कोंबडा आरवला आहे. तो राहू द्यावा असे सर्वांचे मत पडले.

अकरा नंबरच्या केबलचा डाख हलतो आहे, तो पुन्हा लावायचा. बॅटरी चार्जिंगला लावली आहे.